ओट्यावर मांडलेल्या अकरा वस्तू

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण नौपाड्यातल्या पाच माणसांच्या एका घरचं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. काका अडुसष्ट वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू बासष्टच्या. मुलगा सदतिसचा, रोज सकाळी फास्ट लोकल पकडून फोर्टात जाणारा. सून घरीच शिकवण्या घेते. तिला मी वहिनी म्हणते. आणि चौथीतली नात.

नवरात्राच्या अष्टमीला सकाळी काकूंच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. बोलणं जड झालं. काकांना वाटलं, उपास चालू आहेत, पित्त उसळलं असेल. त्यांनी लिंबू-साखरेचं पाणी पाजलं आणि काकूंना झोपवलं. (अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला पाणीही पाजू नये, गिळताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण हे काकांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.) दुपारी सून शिकवणी आटोपून आत आली, तेव्हा तिला सासूबाईंचा ओठ एका बाजूला ओघळलेला दिसला. रुग्णालयात पोचेपर्यंत साडेसहा तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ निघून गेली होती.

झटक्याचं कारण सरळ होतं. काकूंना आठ वर्षांपासून रक्तदाब होता आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोळी स्वतःच बंद केली होती. "डोकं दुखायचं थांबलं, मग कशाला उगाच गोळी?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याचा राग येणं केव्हाच थांबलं. रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, आणि जे जाणवत नाही त्यासाठी रोज गोळी घेणं माणसाच्या स्वभावाला धरून नाही.

घरी येताना चार गोळ्या मिळाल्या: रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि ॲम्लोडिपिन, गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉर्व्हास्टॅटिन. उपचार योग्यच होते. रक्तदाब १३६/८४ वर आला. फिजिओथेरपिस्ट तीन आठवडे घरी येऊन गेले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे मिळालेली मिनिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. "गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या." त्या घरात रात्रंदिवस एकच विषय होता, आणि त्यावर एवढंच उत्तर मिळालं.

काका मला नंतर म्हणाले, "ताई, ते साडेसहा तास माझ्या छातीवर बसलेत. नुसत्या गोळ्या देऊन मी गप्प कसा बसू? मला हातांनी काहीतरी करायचं होतं." हे घर पर्यायी औषधांकडे का वळलं, याचं खरं उत्तर या वाक्यात आहे. अंधश्रद्धा नव्हती, आधुनिक वैद्यकाचा रागही नव्हता. आजाराने माणसं हादरली होती आणि रुग्णालयाने त्यांच्या हातांना काम दिलं नव्हतं. शेजारणीने ते दिलं, फोनवर येणाऱ्या संदेशांनी दिलं, गावाकडच्या भावाने दिलं.

डिसेंबरात काकूंना कोरडा खोकला सुरू झाला. रात्री झोप लागेना. काका त्यांना जवळच्याच एका वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी नीट विचारपूस केली, नाडी पाहिली, ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं. घसा निवला. दुसऱ्या आठवड्यात काकूंना शांत झोप लागली आणि घराला झटक्यानंतर पहिल्यांदा वाटलं की आपण केलेल्या एखाद्या गोष्टीचा उपयोग झाला. चूर्ण संपल्यावर काकांनी जांभळी नाक्याजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो आणलं. मग आणखी पाव किलो.

जानेवारीत रक्तदाब १५०/९२ निघाला. फेब्रुवारीत १६४/९८. डॉक्टरांनी रक्तदाबाची तिसरी गोळी, क्लोरथॅलिडोन, जोडली. तीन आठवड्यांनी काकूंच्या पोटऱ्यांत पेटके येऊ लागले, पाय उचलेनात, पायांवर सूज होतीच. घर पुन्हा घाबरलं, दुसरा झटका आला म्हणून. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८ निघालं. ते ३.५ ते ५ असायला हवं, २.८ ला हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. डॉक्टरांनी पोटॅशियमचं सिरप सुरू केलं. त्यांना कोडं पडलं होतं, कारण क्लोरथॅलिडोनने पोटॅशियम उतरतं हे खरं, पण रॅमिप्रिल ते धरून ठेवतं. एवढ्या लहान डोसाने ते इतकं खाली यावं आणि रक्तदाब तरीही वर राहावा, हे जुळत नव्हतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या तपासण्या लिहून दिल्या गेल्या.

मी या घरात आले ती मुलामुळे. आईच्या आजारानंतर धास्तीने त्याने स्वतःच्या तपासण्या केल्या होत्या: तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आणि रक्तदाब १४८/९६. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. पहिल्या भेटीत मी त्याचंच ताट, त्याचीच झोप, त्याचीच लोकल विचारत बसले. आईचा विषय निघाला, पण मी पुढे विचारलं नाही. ते तेव्हाच विचारायला हवं होतं. दोन आठवडे वाया गेले. दुसऱ्या भेटीत तो पोटॅशियमबद्दल बोलला, तेव्हा मी म्हटलं, मला घरी येऊ द्या.

घरी गेल्यावर माझी एक पद्धत आहे. "काय खाता?" असं मी विचारत नाही, कारण त्याला लोक भाजी-पोळी असं उत्तर देतात, आणि काढा कुणाच्याच हिशेबात खाणं नसतो. मी म्हणते, "सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तोंडात जे जे जातं, ते ओट्यावर मांडा." वहिनींनी एकेक वस्तू आणून ठेवली. तांब्यातलं रात्रीचं पाणी. मेथीदाणे. गुळवेलीचा काढा. तुपात परतलेला लसूण. दुधीचा रस काढायचं भांडं. आवळ्याचा रस. अर्जुनारिष्टाची बाटली. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या तीन कुप्या. सैंधवाची बरणी. मुलासाठी मागवलेली, लेबल नसलेली एक तपकिरी पूड. आणि शेवटी, स्टीलच्या मोठ्या डब्यात, ज्येष्ठमध.

"हे किती घेता?"

"दोन वेळा, एकेक चमचा भरून. गरम पाण्यात कालवून. गाळ पण पितात, वाया जायला नको म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"किती दिवस झाले?"

"डिसेंबरापासून."

ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचा घटक असतो. त्याची गोडी साखरेच्या कितीतरी पट. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडात त्याला निष्प्रभ करणारं एक विकर काम करतं. ग्लिसरायझिन ते विकर अडवतं. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला चुकीचा निरोप देत राहतं: मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. अंगात पाणी साठतं, सूज येते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. काकूंच्या कागदांवर नेमकं हेच होतं. प्रमाण किती, तर युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लिसरायझिनसाठी रोज १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सुचवली आहे. युरोपीय औषधकोशाच्या निकषानुसार वाळलेल्या मुळात ते किमान ४ टक्के असावं लागतं. काकूंचे दोन चमचे मी वजनकाट्यावर घातले तर सहा ग्रॅम भरले. म्हणजे गाळासकट रोज २४० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही तीन महिने.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते खोकल्याने. रॅमिप्रिल ज्या गटातलं औषध आहे, त्या गटाने काही रुग्णांना कोरडा खोकला होतो, आणि बायकांमध्ये तो जास्त दिसतो. ही अगदी जुनी, सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट. काकूंनी खोकला रुग्णालयात सांगितला नाही, कारण त्यांच्या मते तो "सर्दीचा" होता आणि रुग्णालय "मेंदूचं" होतं. म्हणजे गोळीने खोकला झाला. खोकल्यासाठी ज्येष्ठमध आलं. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढला. चढलेल्या रक्तदाबासाठी आणखी एक गोळी आली, आणि त्या गोळीने आधीच घटत चाललेलं पोटॅशियम तळाला नेलं. या साखळीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केलं होतं. संपूर्ण साखळी मात्र कुणालाच दिसली नव्हती.

मी ओट्यापाशी उभ्या उभ्या वैद्यांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले. "मी पंधरा दिवसांचं दिलं होतं. रक्तदाबात आणि सुजेत मी ज्येष्ठमध देत नाही. मी विचारलं होतं, बीपी आहे का? ते म्हणाले, नॉर्मल आहे." काका बाजूलाच उभे होते. ते हळूच म्हणाले, "तेव्हा नॉर्मलच होतं ना, गोळीमुळे." काका खोटं बोलले नव्हते. गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब म्हणजे रक्तदाब नसणं नव्हे, हा फरक त्यांच्यासमोर कुणी मांडलाच नव्हता. वैद्य स्वतःहून म्हणाले की तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या, मी बोलतो. ते बोललेही. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांची भांडणं पडद्यावर खूप दिसतात. नौपाड्यातल्या त्या दोन माणसांनी एका रुग्णासाठी दहा मिनिटं एकमेकांशी आदराने बोलणं मी प्रत्यक्ष ऐकलं.

डॉक्टरांनी ज्येष्ठमध आणि क्लोरथॅलिडोन दोन्ही थांबवलं. रॅमिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन दिलं, त्याने सहसा खोकला होत नाही. सिरप आणखी काही दिवस, आणि दर आठवड्याला रक्ताची तपासणी. ग्रंथींच्या तपासण्या पुढे ढकलल्या. खोकला तीन आठवड्यांत गेला. पोटॅशियम आधी ३.४, महिन्याने ४.२. सहाव्या आठवड्यात रक्तदाब १३४/८२. पुढे ढकललेल्या तपासण्या कराव्या लागल्याच नाहीत.

ओट्यावरच्या बाकीच्या वस्तूंचं काय केलं, तेही सांगते. मेथीदाणे, आवळा, तांब्यातलं पाणी यांना मी हात लावला नाही. लसूण जेवणात असेल तेवढा राहिला. वेगळ्या दहा-बारा पाकळ्या बंद केल्या, कारण ॲस्पिरिन चालू आहे आणि त्यात जास्त लसणाची भर पडली तर रक्तस्राव वाढू शकतो. दुधीच्या रसाऐवजी दुधीची भाजी. रस प्यायचाच तर आधी थेंबभर चाखायचा आणि कडू लागला तर फेकून द्यायचा, कारण कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. गुळवेलीवर काका अडले. कोविडच्या काळात सगळं ठाणं गुळवेल पीत होतं, मग आताच काय झालं? मी त्यांना सांगितलं की २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ नोंदवले. आयुष मंत्रालयाने सुरुवातीच्या नोंदीवर आक्षेप घेतला होता, वनस्पती नीट ओळखली गेली होती का, असा त्यांचा प्रश्न होता. हेही मी सांगितलं, कारण अर्धी बाजू सांगून मिळवलेला विश्वास टिकत नाही. वैद्य म्हणाले, सध्या गरज नाही, बंद करा. अर्जुनारिष्टही त्यांनीच थांबवलं. आसव-अरिष्टांत आंबण्यातून तयार झालेलं मद्य असतं. होमिओपॅथीच्या गोळ्या काकूंना धीर देत होत्या. मी एवढंच मागितलं की त्यांच्यासाठी दुसरी कुठलीही गोळी चुकवायची नाही.

मुलाच्या तपकिरी पुडीबाबत मी ठाम होते. ती फोनवरच्या जाहिरातीतून आली होती, "मधुमेह मुळापासून" असं तिथे लिहिलं होतं. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने मनाई केलेली आहे. पुडीवर ना उत्पादकाचं नाव, ना परवाना क्रमांक. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. नऊ वर्षांची मुलगी असलेल्या घरात ती पुडी राहू नये, असं मी स्पष्ट सांगितलं आणि तिथेच ती पिशवीत बांधली.

राहिलं सैंधव. इथे घराची मोठी फसगत झाली होती. "आम्ही मीठ सोडलंय ताई, फक्त सैंधव." पण सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबाला खाण आणि मिठागर यांतला फरक कळत नाही. उलट सैंधव "औषधी" म्हणून वहिनी ताकात, फळांवर, कोशिंबिरीत हात सैल सोडून घालत होत्या. साधं मीठ तर भाजी-आमटीत चालूच होतं.

सगळं ठरवून झाल्यावर वहिनींनी एक प्रश्न विचारला, आणि मला जाणवलं की माझं खरं काम आता सुरू होतंय. त्या म्हणाल्या, "मग सकाळी साडेसहाला मी काय करू?"

काढा उकळताना त्या आणि सासूबाई ओट्यापाशी बसत. झटक्यानंतर काकूंचं बोलणं अडखळत होतं, लोकांसमोर त्या गप्प राहत. पण त्या वीस मिनिटांत त्या बोलायच्या. मी काढा काढून घेतला तर ती वेळही जाणार होती, आणि ती वेळ त्या घराला कुठल्याही औषधाइतकी गरजेची होती. म्हणून तिथे दुसरं काहीतरी बसवलं. साडेसहाला गवती चहा, बिनसाखरेचा. त्याआधी काकूंनी पाच मिनिटं शांत बसायचं आणि वहिनींनी दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहायचा. चहानंतर उजव्या हाताचं काम: मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेचा छोटा गोळा मळणं. फिजिओथेरपिस्टना विचारलं तर ते म्हणाले, हाताला यापेक्षा चांगला व्यायाम मी काय देऊ. रोजच्या वापरातली हालचाल पुन्हा पुन्हा करणं हाच तो व्यायाम. पहिल्या आठवड्यात काकूंनी सात शेंगा सोलल्या. वहिनींनी तोही आकडा वहीत लिहिला.

काकांना काम हवंच होतं. त्यांना मिठाचा हिशेब दिला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच माणसांचे दिवसाला २५ ग्रॅम धरले तर किलोची पिशवी चाळीस दिवस पुरायला हवी. त्यांच्याकडे साध्या मिठाची पिशवी एकोणिसाव्या दिवशी संपत होती; म्हणजे माणशी साडेदहा ग्रॅम, आणि सैंधव, लोणचं, पापड, फरसाण, खारी यांतलं मीठ त्याशिवाय. पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहायची. नातीने ते काम हट्टाने आपल्याकडे घेतलं. आमटीत मीठ निम्मं केलं आणि आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं वाढवलं. लोणच्याची बरणी टेबलावरून फडताळात गेली. पहिले दहा दिवस घर कुरकुरलं, मुलगा दोनदा बाहेर मिसळ खाऊन आला. जीभ सरावायला वेळ लागतो, पण सरावते. चीनमध्ये सहाशे खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने झटक्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं होतं. मुलाने ते मीठ आणूया म्हणून विचारलं. डॉक्टरांनी नको म्हटलं, कारण टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम उलट्या दिशेने चढू शकतं. वाचलेलं आधी विचारून घ्यायचं, हे मात्र घराला जमू लागलं होतं.

मुलाला मी फार थोडं सांगितलं. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता, औषधाने साधारण तेवढाच. तो आकडा त्याने फोनच्या पडद्यावर लावून ठेवला. रात्री साडेदहाचं जेवण साडेआठला आणता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी गाडीत चढण्याआधी डब्यातली उसळ, आणि घरी आल्यावर फक्त एक भाकरी, भाजी, ताक. रविवारी कचराळी तलावाभोवती फेऱ्या, बाकीचे दिवस स्टेशनपर्यंत चालत. रिक्षा बंद. रक्तदाबासाठी त्यालाही डॉक्टरांकडे पाठवलं.

काकू योगासनांच्या वर्गालाही जाऊ लागल्या. ठाण्याला त्याची मोठी परंपरा आहे, घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर यांच्यामुळे इथल्या किती घरांत योगासनं पोचली. काकूंचा वर्ग खुर्चीवरचा. श्वास कोंडून धरायचा नाही आणि डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही, हे शिक्षिकेला आधीच चिठ्ठीवर लिहून दिलं.

सगळं नीट झालं असं नाही. गणपतीत मुलाचं वजन तीन किलोंनी वाढलं, त्यातलं दोन उतरलं. काका चोरून लसूण देत होते, ते वहीच्या तिसऱ्या महिन्यात कळलं. काकूंच्या उजव्या हाताची करंगळी अजून वळत नाही, आणि ते साडेसहा तास परत येणार नाहीत. काका ते विसरलेले नाहीत. सोसायटीच्या सूचनाफलकावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला आहे: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एकही दिसलं तर पाणी पाजू नका, झोपवू नका, १०८ ला फोन करा.

सहा महिन्यांनी मुलाचं एचबीए१सी ५.८ झालं. काकूंचा रक्तदाब १२८/८० च्या आसपास असतो. मिठाची पिशवी छत्तीस दिवस पुरते, आणि सैंधवाची बरणी आता रिकामी आहे.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. "ताई, गावाहून भाऊ आलाय. काडेकिराईत घेऊन आलाय, रक्त शुद्ध होतं म्हणतो." मी काही बोलणार इतक्यात ते पुढे म्हणाले, "अजून पुडी सोडलेली नाही. वहीत लिहिलंय. वैद्यांना विचारलं, डॉक्टरांना उद्या विचारतोय, तुम्हाला आत्ता विचारतोय."